आमच्या भागातील आगगाडीची हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, तीत प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी बैठकीत सांगितले. पाककृती, भजने, घरगुती औषधे लिहून देणाऱ्या भगिनी पुष्कळ निघाल्या. मी आपली गप्प बसले होते. तेव्हा मागून एक जण म्हणाली, "तुमचे घर रुळाला लागून, तुमचे सासरे रेल्वेत होते, तुम्ही आगगाडीवरच लिहा की!" सगळ्या हसल्या, पण मला ते मनातून पटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम हे मी जाणून आहे. परंतु गेली वीस-बावीस वर्षे ज्या गाडीच्या आवाजावर मी चूल पेटवते आणि दिवा मालवते, तिची हकीकत आपल्याला ठाऊक नसावी याची लाज वाटली. मग मुलीकडून वाचनालयातली पुस्तके आणविली, १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातील मजकूर तिच्याकडून समजून घेतला, आणि मामंजींच्या तोंडून ऐकलेले होतेच. त्यातून जे जमले ते भगिनींपुढे ठेवीत आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आगगाडी येण्यापूर्वी आपला हा मुलूख कसा होता, ते आधी डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आज कोणी पालघर, बोईसर म्हटले की स्टेशन आठवते, बाजार आठवतो, रिक्षांची गर्दी आठवते. पण त्या काळी नावाजलेली गावे ही नव्हेत. नावाजलेली गावे सगळी समुद्राच्या काठी होती. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू. पोर्तुगीजांनी किल्ले बांधले ते इथेच आणि चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ साली ते एकामागून एक घेतले तेही इथेच. तारापूरच्या किल्ल्याला त्या साली किती रक्त सांडले, बाजी भिवराव तिथे कसे पडले, हे आपल्या मुलांच्या पुस्तकात नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. व्यापार सारा गलबतांनी व मचव्यांनी चाले. मुंबईला जायचे तर वारा पाहून निघायचे. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणजे मुंबई बंद. आणि आज जिथे स्टेशने आहेत तिथे भातखाचरे, पाणथळ जागा, गवताचे माळ आणि डोंगराच्या बाजूला रान.

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. पण ती कंपनी निराळी. आपल्या मार्गाची कंपनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. नाव लांबलचक म्हणून म्हातारी माणसे 'बी. बी. सी. आय.' म्हणत. ती १८५५ साली निघाली. तिचे कर्तेधर्ते कर्नल जे. पी. केनेडी नावाचे अभियंते होते. त्यांचे म्हणणे असे, की घाट चढून जाण्याचा खटाटोप करण्यापेक्षा सपाट किनाऱ्याने मार्ग न्यावा, चढउतार कमी म्हणून खर्च कमी आणि इंजिनाला ओझेही कमी. मला हे वाचून आमच्या घरातल्याच एका गोष्टीची आठवण झाली. विहिरीवरून पाणी आणायचे तर जवळची चढणीची वाट सोडून बायका लांबची सपाट वाट धरतात. डोक्यावर ओझे असले की कोणती वाट जवळची ते पाय ठरवतात.

या कंपनीने काम मुंबईहून सुरू केले नाही, गुजरातेतून केले. १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा तुकडा सुरू झाला. १८६३ पर्यंत गाडी अहमदाबादेला पोचली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंतचा मार्ग पुरा झाला. म्हणजे आपल्या या भागातून गाडी धावू लागली ती १८६४ साली. घाई कशाची होती? कापसाची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि गुजरातेच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबई बंदरात लवकर पोचावा ही सगळ्यांची निकड. आपल्या गावांसाठी म्हणून ही गाडी आली नाही. गुजरात आणि मुंबई यांच्या मधल्या वाटेवर आपण होतो, इतकेच.

आता या हकीकतीतील मुख्य गोष्ट सांगते. नकाशा पुढे घेऊन बसले तेव्हा ती माझ्या ध्यानात आली. गावे सारी काठावर, मग रूळ आत का? विरार सोडले की वैतरणेचे मोठे पात्र. त्याच्या पुढे केळव्याची खाडी, सातपाटी-मुरब्याची खाडी, तारापूर-चिंचणीची खाडी, डहाणूची खाडी. समुद्राच्या तोंडाशी या खाड्या रुंद आणि चिखलाच्या, तिथे पूल बांधायचा म्हणजे केवढे काम! जसजसे आत जावे तसतशा त्या अरुंद होतात. पूर्वेला तांदूळवाडी, काळदुर्ग असे डोंगर. तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या अलीकडे आणि खाड्यांच्या तोंडापासून दूर अशी जी मधली सपाट पट्टी, तीच रुळांना सोयीची. त्यामुळे झाले असे, की रूळ प्रत्येक नामांकित गावाला तीन-चार ते सहा-सात मैल बाजूला ठेवून गेले. आपल्या स्टेशनांच्या नावांकडे पाहा. केळवे रोड, डहाणू रोड. लहानपणी मला वाटे, 'रोड' हे गावाचे आडनाव असावे! त्याचा अर्थ एवढाच, की केळवे इथे नाही, इथून केळव्याला रस्ता जातो.

पुलांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. वसईच्या खाडीवर पाणजू बेटाच्या अलीकडे व पलीकडे असे दोन पूल बांधावे लागले. वैतरणेवरही दोनच, मध्ये बेट. अशा चिखलात दगडी पाया घालणे कठीण, म्हणून या कंपनीने ओतीव लोखंडाचे पोकळ खांब वापरले. त्यांच्या बुडाला स्क्रूसारखे रुंद पाते असे आणि ते गोल फिरवून फिरवून तळात रुतवीत. हे काम कोणी केले असेल? चाक फिरविणारे हात आपल्याच लोकांचे. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. पुढे ते जुने पूल जाऊन नवे आले.

गाडी गावाजवळून गेली नाही, तेव्हा गावाला गाडीकडे जावे लागले. हे एका दिवसात झाले नाही, पण झाले. त्याचा मोठा पुरावा म्हणजे आपला तालुका. गॅझेटियर छापले त्या वेळी तालुक्याचे नाव माहीम होते आणि कचेरीही माहीमला होती. पुढे कचेरी पालघरला आली आणि तालुक्याचे नावही पालघर झाले. टपाल, कज्जे, धान्याचे व्यापारी, दवाखाने एकेक करून स्टेशनजवळ सरकले. माहीमला जुनी घरे, देवळे, तळी, वाड्या राहिल्या. माहीमच्या माणसाला सातबारा हवा तर पालघर, औषध हवे तर पालघर.

कचेरी पालघरला होती म्हणूनच १४ ऑगस्ट १९४२ रोजी मोर्चा पालघरला आला. 'चले जाव'च्या त्या दिवशी गावोगावची माणसे चालत कचेरीवर आली आणि गोळीबारात पाच जण पडले. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर या गावांचे हे पुत्र. पाचबत्तीपाशी आपण दर वर्षी फुले वाहतो ती त्यांना. मोर्च्यात पुष्कळ बायका होत्या असे आजेसासूबाई सांगत, आणि त्या चालत आल्या त्या याच स्टेशनाच्या रस्त्यांनी.

आता थोडे घरचे. माझे माहेर केळवे-माहीमच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका लहानशा गावी. स्टेशन चार मैल. ती वाट आमच्या आजीने जन्मभर चालली. आमच्याकडे पानवेलीची वाडी होती. भगिनींना ठाऊकच आहे, केळवे-माहीमचे पान पूर्वीपासून नावाजलेले. वेलीवरून खुडायचे, सारख्या आकाराची पाने निवडायची, शेकड्याने मोजून लावायची, ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून करंडे भरायचे, हे सारे बायकांचे काम. करंडे बैलगाडीने स्टेशनावर जात आणि तिथून उत्तरेकडे गुजरातेत व त्याच्याही पुढे. पान म्हणजे नाशवंत माल. गाडी चुकली की दिवस गेला. म्हणून आमच्या घरात घड्याळ नव्हते तरी गाडीची वेळ सर्वांना पाठ होती. आजी भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जाई. अंधारात कंदील घेऊन चार-पाच जणी निघत, वाटेत साप-विंचू म्हणून पुढची जमिनीवर काठी आपटीत चाले. परत येताना टोपलीत आमच्यासाठी बटर नाही तर खारी बिस्किटे असायची. ती आम्हाला मुंबईची म्हणून फार अप्रूप. ती पालघरच्या बेकरीतली होती हे पुष्कळ वर्षांनी कळले.

त्याच चार मैलांनी माझी शाळा थांबली. गावात सातवीपर्यंत वर्ग होते. आठवीला स्टेशनकडच्या गावी जावे लागे. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नव्हती, मुलीने एकटीने चालत जाणे वडिलांना पसंत नव्हते. भाऊ सायकलवरून गेला, मी राहिले. मला कोणाचा राग नाही. तो काळ तसा होता. पण आज कोणी विचारले की तुम्ही सातवीच का शिकलात, तर मला मास्तर आठवत नाहीत, तो रस्ता आठवतो.

लग्न होऊन पालघरला आले आणि एकदम रुळाच्या कुशीत पडले. पहिल्या रात्री मालगाडी गेली तेव्हा भांडी खणखणली आणि मी दचकून उठून बसले. सासूबाई म्हणाल्या, "झोप ग, ती आपलीच आहे." मामंजी गँगमन होते, पुढे चावीवाले झाले. चावीवाला म्हणजे किल्ल्या सांभाळणारा नव्हे. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि फटाके घेऊन रोज आपल्या वाटणीचा मार्ग पायी तपासायचा, सैल चावी दिसली की ठोकायची. फटाके दिवाळीचे नव्हेत. रुळावर लावून ठेवायचे, इंजिन त्यावरून गेले की मोठा बार होतो आणि ड्रायव्हरला धोका कळतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त. पुलाच्या खांबावर धोक्याची खूण रंगविलेली असते, पाणी तिथवर चढले की गाडी थांबवायची. अशा रात्री सासूबाई देवाजवळ दिवा ठेवून बसत. मामंजी पहाटे चिंब होऊन येत आणि पहिला प्रश्न विचारीत, "विरार शटल गेली का?" स्वतः जेवले की नाही त्याची आठवण नसे. १९५१ च्या ५ नोव्हेंबरला जुन्या कंपनीची पश्चिम रेल्वे झाली, पण घरातले वडीलधारे तिला शेवटपर्यंत 'बी. बी. सी. आय.'च म्हणत.

वैतरणेच्या दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव नावाचे गाव आहे. माझी एक चुलतजाऊ तिथली. रूळ गावावरून जातात, पण स्टेशन नाही. वर्षानुवर्षे तिथली माणसे पुलावरच्या पायवाटेने चालत वैतरणा नाही तर सफाळे गाठत आली. एका हाताला खोल पाणी, दुसऱ्या हाताला भरधाव गाडी. बाळंतीण, शाळेची मुले, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, सगळ्यांना तीच वाट. तिथे अपघातांत माणसे गेली आहेत. गाडीतून जाताना खिडकीशी बसलेल्या आपल्याला नदीचा देखावा मोठा मनोहर दिसतो. जाऊबाई मात्र तो पूल आला की अजूनही पदर दातांत धरतात. रेल्वेच्या इतिहासात ९२ व ९३ नंबरचे पूल म्हणून त्यांची नोंद आहे, तीत या पायवाटेचाही उल्लेख असायला हवा, असे मला वाटते.

पूर्वेकडच्या, म्हणजे रानाकडच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाही तर हकीकत अर्धी राहील. गाडी आली तशी जंगलातील लाकूड आणि माळावरचे गवत मुंबईला जाऊ लागले. मुंबईच्या घोड्यांना व तबेल्यांतील म्हशींना आपल्या भागातील गवत. त्याच्या गंजी स्टेशनाजवळ रचलेल्या असत. पैसा व्यापाऱ्यांच्या व जमीनदारांच्या हाती आला. गवत कापले ते वारली बंधुभगिनींनी, बहुतेक वेठीने नाही तर नाममात्र मजुरीवर. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडे वारल्यांचा जो उठाव झाला, त्यात वेठ बंद करा याबरोबर गवत कापणीच्या मजुरीचाही प्रश्न होता. गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. आपल्या वाचनालयात ते आहे, भगिनींनी जरूर वाचावे. आणि त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीला जायचे तर स्टेशन घोलवड. आपल्या अंगणवाड्यांचे मूळ तिथे आहे. ज्या गाडीने गवत बाहेर नेले, तिनेच या दोघींसारख्या बायांना इकडे आणले, हेही तिच्या जमेला धरले पाहिजे. घोलवडचे चिकूही याच मार्गाने दूरवर गेले. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

आता बोईसर. वडीलधारे सांगतात, पूर्वी तिथे उतरणारा माणूस बहुधा तारापूर-चिंचणीचा असायचा. टांगा करून तो पश्चिमेला निघून जाई आणि स्टेशन पुन्हा ओस पडे. मग तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्र आले. १९६४ साली काम सुरू झाले आणि १९६९ साली वीज निघू लागली. हिंदुस्थानातले ते पहिले अणुवीज केंद्र. पुढे सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, तिलाही नाव तारापूरचेच. पण कारखाने उभे राहिले बोईसरच्या बाजूला आणि कामगार उतरले बोईसर स्टेशनावर. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, खानदेश, कोकण, कुठून कुठून माणसे आली. चाळी झाल्या, भाड्याच्या खोल्या झाल्या, पाण्याचे हाल झाले. नाव तारापूरचे आणि गाव वाढले बोईसरचे! पुढे केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. तिथल्या काही भगिनी आज आपल्या शेजारी राहतात. जुन्या घराच्या अंगणातला उंबरठ्याचा दगड बरोबर आणलेली एक बाई मला ठाऊक आहे.

आता ज्या गोष्टीने आपला सर्वांचा जन्म गेला ती, म्हणजे विरारची वेस. १८६७ च्या १२ एप्रिलला विरार ते मुंबईची बॅकबे अशी लोकल सुरू झाली, दिवसातून जाऊन येऊन एकच. तेव्हापासून विरार हे मुंबईचे दार झाले आणि आपण दाराबाहेर राहिलो. पुढे विजेच्या गाड्या आल्या. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली, १९३६ साली बोरिवली ते विरार. विरारच्या पुढे सत्तरच्या दशकापर्यंत वाफेची व डिझेलची इंजिने. मग आपल्याकडेही वीज आली, पण ती निराळ्या जातीची! विरारपर्यंत १५०० व्होल्टची एकदिश वीज, विरारपुढे २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी. विरारची लोकल पालघरला येऊ शकत नव्हती ती या कारणाने. तारेत वीज दोन्हीकडे होती, पण गाडीला एकच पचत होती. हे मला मुलीने समजावून सांगितले तेव्हा इतक्या वर्षांचा उलगडा झाला. मी आपली समजत होते, की आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही. तसेही थोडे असेल.

तोवर आपली शटल. ती चुकली तर पुढची किती वेळाने याचा नेम नसे. मेल-एक्स्प्रेस पुढे जायची म्हणून आपली गाडी बाजूला उभी. विरारला उतरायचे, जिना चढायचा, धावत दुसरा फलाट गाठायचा, आणि लोकलमध्ये जागा विरारकरांनी आधीच धरलेली. बायकांच्या डब्यात भाजी निवडणे, हळदीकुंकू, भिशी, भांडणे, सोयरिकी सगळे होई. आपल्या मंडळातल्या दोघी जणींची ओळखच मुळी शटलमध्ये झालेली आहे. पण दिवस किती मोठा! पहाटे चारला उठून पोळ्या करून निघालेली बाई रात्री नऊला घरी. मुंबईत ५ मे १९९२ रोजी खास बायकांची लोकल निघाली तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले होते. सासूबाई ते पाहून म्हणाल्या होत्या, "आधी आम्हाला नुसती गाडी द्या, मग बायकांची द्या."

२०१२ साली विरारच्या अलीकडची सगळी वीज बदलून आपल्यासारखी केली गेली, आणि १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोड ते चर्चगेट लोकल सुरू झाली. तारीख पाहा, पहिली आगगाडी सुटली तीच, बरोबर १६० वर्षांनी. विरारला लोकल मिळाल्यापासून मोजले तर १४६ वर्षे. त्या दिवशी आपल्या मंडळाच्या भगिनी नारळ आणि हार घेऊन फलाटावर गेल्या होत्या. गर्दीत नारळ कोणाकडे गेला तो गेलाच. आठ-दहा दिवसांनी मी सासूबाईंना घेऊन चर्चगेटपर्यंत गेले. काही काम नव्हते, त्यांना नुसते बसून जायचे होते. विरार आले तशा त्या सवयीने उठल्या, पिशवी काखेत मारली आणि दाराकडे निघाल्या. मी म्हटले, "आई, बसा. ही पुढे जाते." त्या बसल्या, पण पिशवी बोरिवली येईपर्यंत काखेतच होती.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. १८६४ ते २०१४, मोजून दीडशे वर्षांत भातखाचरांतले स्टेशन जिल्ह्याचे ठिकाण झाले. लोकल आल्याने जागांचे भाव चढले, वाड्या विकून इमारती झाल्या, हे चांगले की वाईट यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. माझ्या मुलीला मात्र चार मैलांच्या रस्त्याने अडविले नाही. ती लोकलने वसईच्या बाजूला कॉलेजला गेली. मध्ये २०२० च्या मार्चात करोनाने गाड्याच बंद पडल्या. रुळावर शुकशुकाट, भांडी खणखणेनात, आणि मला रात्री झोप येईना. त्या वर्षी ऑक्टोबरात बायकांना ठरावीक वेळांत लोकलची परवानगी मिळाली तेव्हा आपल्या किती तरी जणींचे रोजगार पुन्हा सुरू झाले.

विरार ते डहाणू रोड हा ६४ किलोमीटरचा मार्ग चौपदरी करण्याची योजना २०१६ साली मंजूर झाली. मेल-एक्स्प्रेसला वेगळे रूळ मिळाले म्हणजे आपली गाडी बाजूला उभी राहणार नाही, असे म्हणतात. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आपल्याच भागातून गेला आहे. अहमदाबादच्या बुलेट ट्रेनला बोईसर नावाचे स्टेशन आहे, पण ते जुन्या स्टेशनापासून दूर, पूर्वेला. तेव्हा त्याचे नाव बोईसर रोड ठेवतात की काय, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. आणि किनाऱ्यावर वाढवण येथे मोठ्या बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसविली गेली. त्याला जोडणारा लोहमार्गही होणार आहे. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी रूळ प्रथमच समुद्राकडे वळतील. पण तिथल्या कोळी भगिनींचा या बंदराला विरोध आहे, मासळीचे काय होणार ही त्यांची काळजी आहे. जुन्या वेळी किनाऱ्याला कोणी विचारले नव्हते, या वेळी तो स्वतःहून बोलत आहे.

मला जे मिळाले ते एवढेच. ज्या भगिनींच्या घरी जुने पास, पानांच्या करंड्यांच्या पावत्या, रेल्वेत नोकरीस असलेल्या वडीलधाऱ्यांचे कंदील, बिल्ले किंवा फोटो असतील, त्यांनी ते मंगळवारच्या बैठकीस घेऊन यावे. मामंजींचा हातोडा व हिरवा झेंडा मी आणीन. लाल झेंड्याचे सासूबाईंनी पूर्वीच पायपुसणे केले आहे.